१८० लिटर समुद्र: घोडबंदर रोडवरच्या नोंदी

११ जानेवारी २०२५

खाऱ्या पाण्यातले मासे आणि प्रवाळ ठेवायची टाकी आली. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच, खाली कपाटात सम्प, म्हणजे पाणी गाळून परत वर पाठवणारी छोटी टाकी. दगड-वाळूची जागा वजा करून आणि सम्प धरून साधारण १८० लिटर पाणी फिरेल. पुढचे सगळे हिशोब याच आकड्यावर.

टाकीत अजून थेंब नाही, पण पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर घेऊन घरभर हिंडून झालं. पालिकेचं पाणी ७८. टँकरच्या पाण्याची एक बाटली वॉचमनकाकांकडून मागून घेतली होती, ते ६४०. स्वयंपाकघरातल्या प्युरिफायरचं ४५. नवऱ्याला वाटत होतं, घरात आरओ आहेच की, वेगळा कशाला? पण पिण्याच्या पाण्याला चव राहावी म्हणून हे यंत्र गाळलेल्या पाण्यात थोडं न गाळलेलं परत मिसळतं. माणसाला ते बरं, प्रवाळाला नाही. टाकीतून रोज शुद्ध पाणी उडून जातं, मागे राहतं ते साठत जातं. रोज भर घालायच्या पाण्यात ४५ असेल तर सहा महिन्यांनी टाकीत काय काय जमलेलं असेल कोण जाणे. म्हणून वेगळा आरओ घेतला, शेवटी उरलेसुरले क्षार धरून ठेवणाऱ्या डीआय रेझिनची नळी असलेला. मीटर शून्य दाखवतो.

एक लिटर शुद्ध पाण्यामागे तीन लिटर वाया जातं. टँकरवर जगणाऱ्या सोसायटीत हे सांगायलाही लाज वाटते. वाया जाणारं पाणी ड्रममध्ये धरून लादी आणि फ्लशला वापरायचं ठरलं.

१५ जानेवारी

पाणी जमायला तीन दिवस लागले. मीठ लिटरला ३७ ग्रॅम, म्हणजे एकूण साडेसहा किलोच्या वर. मोठ्या पिंपात पंप सोडून रात्रभर घोळलं.

आई (माझ्या सासूबाई, मालवणच्या) खुर्ची ओढून बसल्या होत्या. "अगो, समुद्राचा पाणी पैसे घालून कोण करता? तुझ्या दिराक सांग, चार कॅन भरून एसटीत घालीत."

चार कॅनचा सल्ला अगदीच वेडा नव्हता. जगात पुष्कळ जण खरं समुद्राचं पाणी वापरतात. पण किनाऱ्याजवळचं पाणी पावसात नद्यांमुळे फिकं होतं, बंदरापाशी डिझेलचा तवंग असतो, आणि त्यातले सूक्ष्म जीव बंद कॅनमध्ये मरून ठाण्याला पोचेपर्यंत अमोनिया तयार. शिवाय दर महिन्याला एसटीने समुद्र कोण आणणार?

खारटपणा मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरने आधी ३३ पीपीटी (हजार भागांत ३३ भाग मीठ) दाखवलं. मी तो साध्या पाण्याने शून्यावर लावला होता. ३५ पीपीटीच्या प्रमाण द्रावणावर पुन्हा लावला, तर तेच पाणी ३५ निघालं. शून्याला बरोबर असलेलं यंत्र पस्तिसाला चुकू शकतं. अजून दोन पीपीटी मीठ ओतायला निघाले होते.

१९ जानेवारी

दगड आणि वाळू. दगड कोरडाच घेतला, १४ किलो.

दिरांचा फोन: किल्ल्याच्या आसपास ओहोटीला प्रवाळाचे ढीगभर तुकडे असतात, आणू का? फोनवरच हात जोडले. वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि समुद्रपंखे २००१ पासून आहेत, म्हणजे संरक्षण वाघाच्या पंक्तीचं. त्यात मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य. मेलेला तुकडा उचलला तरी तो प्रवाळच. मी दगडी प्रवाळांच्या वाटेला जाणारच नाहीये. मशरूम आणि झोअँथिड, हे प्रवाळांचे सांगाडा नसलेले नातेवाईक, तेही दुसऱ्या हौशी माणसाच्या टाकीत वाढलेले, एवढंच.

२६ जानेवारी

आज नवसागर घातला. कल्हईवाला तापलेल्या भांड्यात टाकायचा आणि पांढरा धूर निघायचा, तोच: अमोनियम क्लोराइड. फक्त हा प्रयोगशाळेच्या दर्जाचा. बाजारातल्या खड्यात काय भेसळ असेल सांगता येत नाही. १८० लिटरला १.१ ग्रॅम म्हणजे २ पीपीएम (लिटरला २ मिलिग्रॅम) अमोनिया. काट्यावर मोजताना बीएस्सीच्या प्रॅक्टिकलची आठवण झाली.

मासे नसलेल्या टाकीत अमोनिया घालतेय हे पाहून लेक म्हणाली, "म्हणजे तू आधी विष घालून ठेवतेस?" बरोबर. ते विष खाणारे जिवाणू वसवायचे आहेत. एक जमात अमोनियाचं नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचं नायट्रेट. दोघांची घरं दगडाच्या छिद्रांत. ती भरेपर्यंत मासा आणायचा नाही.

९ फेब्रुवारी

अमोनिया ०.५. नायट्राइट पट्टीच्या बाहेर, गडद जांभळं. नायट्रेट ८०! घातलाय तेवढ्या अमोनियातून ८० निघूच शकत नाही. मग लक्षात आलं की नायट्रेटच्या चाचणीत आधी नायट्रेटचं नायट्राइट करतात आणि ते मोजतात. पाण्यात आधीच नायट्राइट असेल तर आकडा फुगणारच. नायट्राइट शून्य होईपर्यंत नायट्रेटची बाटली कपाटात.

१४ फेब्रुवारी

अमोनिया शून्य. पुन्हा १.१ ग्रॅम.

२७ फेब्रुवारी

काल तिसरा डोस दिला होता. चोवीस तासांत अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. आता नायट्रेट मोजलं: २० ते २५ च्या मधला रंग. तीन डोसांचा मिळून ६ पीपीएम अमोनिया, त्याचं नायट्रेट ३.६५ पट, म्हणजे २२. वहीतला हिशोब आणि काचेतला रंग जुळल्यावर जो आनंद झाला तो घरात कोणाला समजावून सांगता आला नाही.

केएच, म्हणजे पाण्यातल्या बायकार्बोनेटचं माप, मात्र ८.३ वरून ६.४ वर. तेही हिशोबात बसतं. अमोनियाचं नायट्रेट होताना आम्ल तयार होतं आणि ते पाण्यातलं बायकार्बोनेट खातं. ११ ग्रॅम खाण्याचा सोडा दोन भागांत विरघळवून दिला. डब्यातला सोडा संपला तो ढोकळ्याच्या दिवशी, त्यामुळे मला बोलणी बसली.

२ मार्च

निम्मं पाणी बदललं. नायट्रेट ११. उष्णतामान २६.५, खारटपणा ३५, केएच ८.२, कॅल्शियम ४२०, मॅग्नेशियम १३२०.

८ मार्च

दोन क्लाउनफिश. हॅचरीत जन्मलेले, समुद्रातून धरलेले नाहीत. मंडपम आणि विळिंजमच्या सरकारी संशोधन केंद्रांनी या माशांची पैदास इथे जमवली, त्यामुळे आता हट्टाने तेच मागता येतात. बरोबर चार गोगलगायी आणि एक क्लीनर कोळंबी.

आईंनी चष्मा लावून पाहिलं. "ह्या खर्चात वर्षभर सुरमय इली असती."

२३ मार्च

वाळूवर तपकिरी थर. डायटम. नव्या टाकीत येतातच म्हणून दोन आठवडे दुर्लक्ष केलं, पण पुसावं आणि दुसऱ्या दिवशी परत, हे काही थांबेना. डायटमला अंगावरच्या काचेसाठी सिलिका लागते. ती येतेय कुठून?

मीटर तर शून्य दाखवत होता. सिलिकेटची चाचणी मागवली आणि तयार पाणी तपासलं: १ पीपीएमच्या वर. रेझिन थकायला लागलं की पहिल्यांदा सिलिकाच सुटते, कारण तिला ते मुळातच सैल धरतं. आणि टीडीएस मीटर मोजतो विजेचं वहन. त्या वेळी सिलिका त्याला जवळपास दिसतच नाही. शून्य हा आकडा खोटा नव्हता, अपुरा होता.

पण सहा-आठ महिने टिकेल असं वाटलेलं रेझिन दोन महिन्यांत कसं संपलं? उत्तर टाकीत नव्हतं, गेटवर होतं. फेब्रुवारीच्या मध्यापासून टँकर रोजचे झालेत. आरओचा पडदा शंभरातले ९६-९७ अडवतो. ७८ मधून २-३ सुटतात, ६४० मधून १९ ते २६. म्हणजे रेझिनवर आठपट काम. वर टँकरचं पाणी बोअरचं, आपल्या काळ्या कातळातून आलेलं, सिलिका असणारच.

नवीन रेझिन. १०० लिटरचा झाकणाचा ड्रम. पालिकेचं पाणी जास्त असेल त्याच दिवशी यंत्र चालवायचं. वॉचमनकाकांना हे गणित सांगितलं नाही, फक्त विचारलं, टँकर नसेल त्या दिवशी कळवाल का? आता सकाळी इंटरकॉमवर निरोप येतो: "मॅडम, आज गोडं आहे."

६ एप्रिल

डायटम गेले. दगडावर पहिले गुलाबी ठिपके, कोरलाइन शेवाळाचे. मशरूमचे तीन तुकडे आणि झोअँथिडचा एक चिकटवला. झोअँथिड हाताळताना हातमोजे आणि चष्मा, कारण काहींत पॅलिटॉक्सिन असतं आणि ते गमतीचं विष नाही.

१८ एप्रिल

दुपारी चारला पाणी ३०.८. पाणी थंड करणाऱ्या चिलरची किंमत पाहून पान बंद केलं. पाण्याच्या पृष्ठभागावर वारा पडेल असे दोन छोटे पंखे लावले. संध्याकाळी २८.२. माठाचं तत्त्व, बाकी काही नाही. पण माठ पाझरतो तशी टाकीही आटते: रोज दीड लिटर उडायचं ते आता पाच. आपोआप भर घालणारा पंप बसवलाय, त्याचा १५ लिटरचा डबा तीन दिवस पुरतो.

२४ एप्रिल

मशरूम आक्रसलेले. मासे ठीक, पण कोळंबी कोपऱ्यात. अमोनिया शून्य, केएच ८.४, उष्णतामान २८. खारटपणा बघायचं मनातही नव्हतं, कारण भर घालणारा पंप चालू होता. पाहिला: जवळजवळ ३८.

चूक माझी. पाणी बदलायला कालवलेलं खारं पाणी आणि भर घालायचं गोडं पाणी, दोन्ही एकाच आकाराच्या निळ्या कॅनमध्ये. २१ तारखेला डब्यात खारं ओतलं. १५ लिटर गुणिले ३५ म्हणजे सव्वापाचशे ग्रॅम मीठ जादा, १८० लिटरमध्ये ते २.९ पीपीटी. कागदावर आकडा बरोब्बर बसला, त्यामुळे दुसरं कुठलं कारण शोधायची पळवाटही राहिली नाही. १४ लिटर टाकीतलं काढून शुद्ध पाणी घालायचं, दोन दिवसांत थोडं थोडं. खाऱ्या कॅनला लाल नायलॉनची दोरी बांधली. पाणी बदलायचं असो नसो, खारटपणा आता दर दोन दिवसांनी.

४ मे

नणंद आणि तिची मुलं सुट्टीला आलीत. एसी हॉलमध्ये, टाकी हॉलमध्ये, सहा माणसं हॉलमध्ये. खिडक्या बंद.

पीएच मॉनिटर गेल्या आठवड्यात बसवला, नोंद साठवून ठेवणारा. ७ आणि १० च्या द्रावणांवर दोनदा लावून पाहिला, कारण आकडे पटत नव्हते: पहाटे ७.६८, संध्याकाळी ७.९. केएच ८.३ असताना इतका खाली?

एक ग्लास टाकीचं पाणी गॅलरीत नेऊन त्यात हवेचे बुडबुडे काढणारा दगड सोडला आणि तासाभराने मोजलं. ८.१८. तेच पाणी, हवा वेगळी. म्हणजे पाणी बिघडलेलं नाही, खोली कोंदटलीय. आमचे उच्छ्वास पाण्यात उतरतायत.

लेकीला बोलावलं. शाळेत चुन्याच्या निवळीत नळीने फुंकलं की काय होतं? "दुधाळ होते." का? "कार्बन डायऑक्साइड." मग इथेही तेच, फक्त इथे दूध दिसत नाही, आकडा दिसतो.

निवळीवरून सुचलं तेच उपाय म्हणून वापरतात. एक लिटर शुद्ध पाण्यात दोन ग्रॅम कॅल्शियम हायड्रॉक्साइड, विरघळेल ते विरघळतं, उरलेलं तळाला. वरची निवळ तेवढी रात्री थेंब थेंब सोडायची. ती कार्बन डायऑक्साइड पकडते आणि कॅल्शियमही देते. पानाच्या डबीतला चुना नाही, आई! त्यात काय काय असतं. रोज रात्री ३०० मिली, यापेक्षा घाई केली तर पीएच उसळतो.

१५ मे

पहाटेचा पीएच ७.८५. सुधारला. पण केएच ९.६ वर गेलाय. ३०० मिली निवळी रात्रीला ०.१९ वाढवते, आणि माझ्या टाकीत ते खाणारं कोणी नाही. दगडी प्रवाळ असते तर सांगाडे बांधायला संपवलं असतं. मशरूम काय खाणार? दुसऱ्याच्या टाकीचं औषध माझ्या टाकीला दिलं. निवळी बंद.

त्याऐवजी स्किमर (बुडबुड्यांच्या फेसातून पाण्यातला मळ काढणारं यंत्र) जी हवा ओढतो तिची नळी खिडकीच्या ग्रिलमधून बाहेर काढली. खर्च सहा फूट नळीचा. दुसऱ्या दिवशी पहाटे ७.९८. एवढं साधं आधी का सुचलं नाही, याचं उत्तर बहुधा काट्यावर ग्रॅम मोजायच्या हौसेत आहे.

२६ मे

पाऊस. यंदा पंधरा दिवस आधीच. रात्री वीज गेली ती साडेतीन तास. बॅटरीवरचा हवेचा पंप लगेच लावला. मासे पंखे बंद पडून मरत नाहीत, ऑक्सिजन संपून मरतात. सकाळी सगळे जागेवर. पाणी २७.४. पंख्यांचा उपयोग आता कमी, हवाच ओली. बाष्पीभवन रोज दोन लिटरवर.

पालिकेचं पाणी गढूळ. आरओच्या पहिल्या गाळणीचा कापूस चार दिवसांत चहाच्या रंगाचा.

२१ जून

काही विशेष नाही. नायट्रेट ८, फॉस्फेट ०.०६, केएच ८.३. मशरूमचे तीनाचे पाच झाले.

१२ जुलै

संध्याकाळी साडेसहाला सोसायटीत डासांची धूरफवारणी. नेहमीप्रमाणे खिडक्या लावल्या, भिजलेली मुलं आत घेतली. साडेसातला कोळंबी उलटीसुलटी उड्या मारताना दिसली. अमोनिया पाहिला, शून्य. खारटपणा ३५. मग नजर खिडकीकडे गेली. सगळ्या खिडक्या बंद, आणि ग्रिलमधून माझी नळी बाहेर. तासभर स्किमर तो धूर ओढून पाण्यात घुसळत होता.

फवारणीच्या औषधात बहुधा पायरेथ्रॉइड असतात. माणसाला त्या मानाने सौम्य, पण कीटक आणि कोळंबी जवळचे नातेवाईक. जे डासाला मारतं ते तिलाही.

नळी काढली, सम्पमध्ये २०० ग्रॅम ताजा कार्बन (विष शोषून घेणारा कोळसा), तयार ठेवलेलं ४५ लिटर खारं पाणी बदललं. रात्री बारापर्यंत बसून होते. आईही बसल्या. मासे ठीक.

१३ जुलै

कोळंबी गेली. गोगलगायी तीन हलतायत, एक नाही.

मे महिन्यातला माझा सगळ्यात हुशार उपाय. नळी आता आत, तिच्या तोंडाशी कार्बनची डबी. पीएच पुन्हा ७.९ च्या खाली राहील, राहू दे. जेवण होईपर्यंत गॅलरीचं दार उघडं ठेवायचं, डास आले तर मच्छरदाणी. कॉइल आणि लिक्विड हॉलमधून हद्दपार.

१० ऑगस्ट

आईंनी स्वतःहून एक रकाना सुरू केलाय. वहीत सकाळी सातचं उष्णतामान त्यांच्या अक्षरात असतं. मला विचारलंही नाही.

२३ ऑगस्ट

चतुर्थीसाठी गावी निघायचं. आठ दिवस घर बंद. शेजारच्या वहिनींकडे किल्ली. सूचना मुद्दाम थोड्या: दिवसाआड चिमूटभर खाणं, डब्यात फक्त लाल दोरी नसलेल्या कॅनमधलं पाणी, आणि बाकी कशालाही हात लावू नका. आधी २० टक्के पाणी बदललं. निघतानाचे आकडे: ३५, २७.२, केएच ८.२, नायट्रेट ९.

१ सप्टेंबर

रात्री साडेअकराला पोचलो. बॅगा दारात टाकून आधी टाकीपाशी. दोन्ही मासे, तीन गोगलगायी, मशरूम ताटासारखे पसरलेले. खारटपणा ३५. वहिनींनी दोरीचा कॅन चुकूनसुद्धा हलवलेला नाही, त्याच्यावर धूळ होती.

मग मॉनिटरमधली आठ दिवसांची नोंद काढली. खिडक्या बंद, नळी आत, निवळी नाही. पहाटेचा पीएच दुसऱ्या दिवसापासून ८.१ च्या वर, शेवटचे तीन दिवस ८.२. टाकी सुरू झाल्यापासून इतका चांगला आकडा कधी आला नव्हता. मी कारण शोधत आलेख मागे-पुढे करत होते. लेक खांद्यावरून वाकून बघत होती.

"आपण नव्हतो ना घरी," ती म्हणाली.

आत्ता १२.१०. आम्ही पाच जण हॉलमध्ये. ८.१७.